न्यूट्रल नसलेली गाडी

होसूर
२० जानेवारी १९९३

प्रिय पूंगोडी,

गाडी काल ट्रकवर चढली. पावती तुझ्या नावाची आहे. दोन-चार दिवसांत मन्नारगुडीला पोचेल. ट्रकवाल्याला घर सापडलं नाही तर तुझ्या दवाखान्यात उतरवायला सांगितलंय.

पोंगलला तू विचारत होतीस की कंपनीत इतकी वर्षं नक्की काय करतेस. आता बघशीलच. या स्कूटरला गिअर नाहीत, क्लच नाही. मूठ पिळली की पळते, सोडली की थांबते. बटण दाबलं की सुरू होते, किक मारून साडी फाडून घ्यायला नको. ती अजून बाजारात आलेली नाही. बाजारात आणण्याआधी काही गाड्या साध्या माणसांकडे वापरायला द्यायच्या असं ठरलं, तेव्हा मी तुझं नाव पुढे केलं. खेडोपाडी फिरणारी नर्स म्हटल्यावर शेषगिरी सर लगेच हो म्हणाले. ते आमच्या चाचणी विभागाचे मुख्य. दर महिन्याला एक फॉर्म येईल, त्यात काय तक्रार असेल ती लिहायची. बहिणीची गाडी म्हणून गोड लिहू नकोस.

मी जन्माची भित्री. अम्मा म्हणायची, सुगंधीच्या सावलीलाही तिला विचारून जवळ यावं लागतं. गाडी खड्ड्यांत आपटून झाली, पाण्यात बुडवून झाली, माणसाच्या जागी वाळूची पोती बांधून फिरवून झाली. सगळं नीट आहे. तरीही ट्रक फाटकाबाहेर गेला तेव्हा तो दिसेनासा होईपर्यंत मी तिथेच उभी होते. गाडी फार सोपी आहे, पूंगोडी. सोप्या गोष्टीला माणूस भीत नाही.

तेनूला पापे. मामांना नमस्कार.

तुझी अक्का
सुगंधी

* * *

मन्नारगुडी
९ फेब्रुवारी १९९३

प्रिय अक्का,

तुझी लेक आली आणि नांदायलाही लागली. चाकांखाली लिंबं ठेवली, कापूर ओवाळला, नारळ फोडला. सगळी गल्ली बघायला जमली होती. माझे सासरे ओसरीवर बसून गंमत बघत होते. त्यांच्या जुन्या गिअरच्या स्कूटरला आता सवत आली ना. म्हणाले, "आवाज ऐकलास? ही स्कूटर आहे की चटणीचा मिक्सर?" मी म्हटलं, "मामा, गिअर नाहीत हिला." तर म्हणतात, "मग डाव्या हाताने काय करायचं, ताट धरायचं?"

पण अक्का, देवाशप्पथ सांगते, माझा जन्म बदलला. सायकलवरून शेवटच्या वाडीला पोचेपर्यंत माझ्या लशींचा बर्फ वितळायचा. आता बर्फ घट्ट असतो. परवा एका बाळंतिणीकडे मी दाईच्या आधी पोचले, म्हणून ती दाई माझ्याशी बोलत नाही.

आणि तुझी भाची. तिचं बालवाडीत जाणं-येणं आता गाडीवरूनच. पुढे, माझ्या पायांच्या मध्ये उभी राहते, दोन्ही मुठींवर हात ठेवते आणि तोंडाने डुर्रर करते. गाडी तीच चालवते असा तिचा समज आहे. घराशी आलो की मी फाटक उघडायला उतरते, तेव्हाही ती तशीच उभी. म्हणते, "अम्मा, तू जा, मी गाडी धरते." चार वर्षांची नाही झाली अजून आणि माझी गाडी राखते.

फॉर्म भरला. तक्रार नाही.

तुझी
पूंगोडी

* * *

होसूर
१७ फेब्रुवारी १९९३

पूंगोडी,

तुझं पत्र कॅन्टीनमध्ये बसून वाचलं आणि जेवण तसंच टाकून उठले. लाडाकोडाचं काही लिहायच्या मनःस्थितीत मी नाही. नीट वाच.

मामांच्या स्कूटरवर कोणी पोर उभं राहून मूठ पिळू लागलं, तर नुसता आवाज होतो. गाडी न्यूट्रलमध्ये असते. आपण सगळे तशाच गाड्यांवर पुढे उभे राहून लहानाचे मोठे झालो. अप्पा आपल्याला तसंच उभं करून पान घ्यायला उतरायचे. या गाडीला न्यूट्रल नाही. इंजिन चालू असताना मूठ पिळली की ती निघाली. मुठीवर कोणाचा हात आहे हे तिला कळत नाही.

इंजिन चालू ठेवून उतरू नकोस. एका पावलासाठीही नाही. तेनूला पुढे उभं करू नकोस.

मी दुसऱ्याच दिवशी शेषगिरी सरांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्या डोक्यावर दसऱ्याची आयुधपूजा बसली आहे. तोवर गाडी दुकानात दिसलीच पाहिजे. ते म्हणाले, "मॅडम, मुलांना पुढे उभं करू नये असं गाडीबरोबरच्या पुस्तकात छापू." मी म्हटलं, "सर, पुस्तकाच्या पुड्या बांधतील. आणि पुढे उभं न राहिलेलं एक तरी पोर या राज्यात दाखवा." ते हसले. म्हणाले, "आपण इतक्या चाचण्या घेतल्या, त्यात हे कधी झालं का?" कसं होईल? पोती मूठ पिळत नाहीत.

झालंही होतं खरं तर. गेल्या महिन्यात आमचा रखवालदार एक गाडी बाजूला घेत होता. किल्ली चालू राहिलेली. एक हात मुठीवर, अंगठा बटणावर पडला. गाडी त्याला घेऊन कुंपणाच्या भिंतीवर गेली. गाडीला काही झालं नाही, त्याचा गुडघा गेला. कागदावर आलं, रखवालदाराचा निष्काळजीपणा.

मला एक सुचलंय. ब्रेक दाबून धरल्याशिवाय बटणाने काम करायचंच नाही. ब्रेकच्या दांडीला एक छोटा स्विच, एक तार, बस. लहान मुलाची बोटं त्या दांडीपर्यंत पोचत नाहीत. सर म्हणतात, सगळे सुटे भाग मागवून झाले, आता एक तार वाढवायची तर पुन्हा सगळी चाचणी आली. आधी तक्रार दाखवा, मग बघू.

मला तक्रार नको आहे गं. तक्रार यायची म्हणजे काय व्हायला हवं, ते मला कळतंय.

उलट टपाली लिही.

सुगंधी

* * *

मन्नारगुडी
२ मार्च १९९३

प्रिय अक्का,

शांत हो. पाणी पी. तुझं पत्र मी मामांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "तुझ्या बहिणीने गाड्या बनवण्यापेक्षा ताईत बनवावेत." मी हसले, पण तुझं ऐकलं हो. उतरले की किल्ली फिरवून इंजिन बंद करते. शप्पथ.

तेनूला मात्र कुठे ठेवू ते सांग. मागे बसवली तर पेंगते आणि कलंडते. घरी ठेवली तर मामांना फरफटत तळ्यावर नेते. पुढेच ती माझ्या दोन्ही हातांच्या आत असते. तिथे मला तिची सगळ्यात कमी भीती वाटते.

तू लग्न कर, म्हणजे तुझ्या भीतीला दुसरं काहीतरी काम मिळेल.

तुझी
पूंगोडी

* * *

होसूर
५ एप्रिल १९९३

पूंगोडी,

महिना झाला, तुझी एक ओळ नाही. माझ्या दोन कार्डांनाही उत्तर नाही. रागावलीस का? लग्नावरून मी उलट काही लिहिलं नाही, तरी रागावलीस?

इथे या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मोठी बैठक आहे. गाडी आहे तशी बाजारात न्यायची की नाही ते तिथे ठरणार. मी तारेची गोष्ट पुन्हा काढणार आहे. विभागातले लोक म्हणतात, सुगंधी भुतं बघते. एकाने माझ्या टेबलावर लिंबू-मिरची टांगली. मी ती काढली नाही.

रात्री मला नुसतं तुझं फाटक दिसतं. तुम्ही सगळे बरे आहात एवढं लिही. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

सुगंधी

* * *

मन्नारगुडी
१६ एप्रिल १९९३

प्रिय अक्का,

सप्रेम नमस्कार. आम्ही सर्व कुशल आहोत. तुझी सर्व पत्रे पोचली. दवाखान्यात लसीकरणाचे काम फार असल्यामुळे लिहिणे झाले नाही. मी रोज कामावर जाते.

परवा तमिळ नववर्ष साधेपणाने केले. कडुनिंबाच्या फुलांची पचडी केली होती. ऊन फार आहे. मामांची तब्येत ठीक आहे. हे ठीक आहेत. गाडी उत्तम चालते. फॉर्म वेळेवर पाठवला आहे.

तुझ्या बैठकीला यश येवो.

तुझी
पूंगोडी

* * *

होसूर
२४ एप्रिल १९९३

पूंगोडी,

बैठक झाली. मी हरले.

मी उभी राहून बोलले. तारेचं चित्र काढून नेलं होतं. शेषगिरी सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेरून आलेले फॉर्म चाळून एक माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "मॅडम, या बाईंकडे लहान मूल आहे. खेड्यातले रस्ते आहेत. त्या काय लिहितात बघा." तुझं अक्षर होतं. तक्रार नाही. कोणीतरी मागून म्हणालं, बहिणीचीच आहे ना ती? सगळे हसले. मी खाली बसले.

त्याचं मला दुःख नाही. मला दुसरीच भीती वाटते आहे.

मन्नारगुडीहून आलेलं असं एकही पत्र मला आठवत नाही, ज्यात तेनूचं नाव नाही. ती काय बोलली, कोणाला चावली, पचडी खाऊन तिने तोंड कसं केलं, हे तू पचडीच्या आधी लिहितेस. या वेळी पचडी आहे, ऊन आहे, मामा आहेत. तेनू नाही. आणि सरकारी अर्ज लिहावा तशी भाषा.

पत्र आलं त्याच दिवशी मी बूथवरून तुझ्या दवाखान्यात फोन लावला. कोणी बाई म्हणाली, "पूंगोडी सिस्टर रजेवर आहेत, फाल्गुनापासून." तू तर रोज कामावर जातेस.

ती आहे ना, पूंगोडी? एवढंच सांग. तू काय केलंस ते विचारत नाही. माझी भाची आहे ना?

अक्का

* * *

मन्नारगुडी
१ मे १९९३

अक्का,

आहे. ती आहे. आत्ता माझ्या शेजारी झोपली आहे. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लॅस्टर आहे, म्हणून तिला कुशीवर वळता येत नाही.

तुझ्या फेब्रुवारीच्या पत्राला उत्तर टाकलं, त्यानंतर दहाबारा दिवसांनी झालं. दुपारी मी तिला बालवाडीतून घेऊन आले. फाटकासमोर गाडी साइड स्टँडवर लावली. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, अक्का. तुझी शप्पथ पाळली. पण किल्ली काढली नाही. फाटक तर चार पावलांवर, परत येऊन गाडी आत घ्यायचीच होती. मी एक दार उघडलं आणि मागून इंजिनाचा आवाज आला. ती रोज माझे हात बघते. किल्ली कुठे फिरते, बटण कुठे असतं, सगळं तिला पाठ होतं. तिने किल्ली फिरवली, बटण दाबलं आणि तिच्या सवयीने मूठ पिळली.

गाडी माझ्या पदराला घासून आत गेली. मी हात घातला, हातात काही आलं नाही. अंगणात सरळ विहीर आहे, तुला माहीत आहे. ती ओरडत नव्हती. मूठ घट्ट धरून उभी होती. घाबरलं की मूल हातातलं सोडत नाही, आणखी आवळतं. तिने आणखी आवळलं. गाडी विहिरीच्या कठड्यावर आदळली आणि ती अलीकडे पडली. अलीकडे, अक्का. मांडीचं हाड मोडलं. पलीकडचा विचार मी दिवसा करत नाही.

मामा ओसरीवर होते. त्यांनी सगळं पाहिलं. हे ड्यूटीवरून धावत आले तेव्हा मी पोरीच्या पायाला फळी बांधत होते. मामाच म्हणाले, "माझा धक्का लागला, स्टँड निसटला, गाडी पोरीच्या अंगावर पडली." तेव्हापासून हे त्यांच्याशी बोलत नाहीत. त्यांच्या ताटात मुकाट्याने वाढतात. मी बघते आणि गप्प बसते. मामा मला एवढंच म्हणाले, "मी आता किती वर्षांचा? माझ्यावर राहू दे. तुला त्याच्याबरोबर जन्म काढायचाय."

फॉर्म आला तेव्हा मी खरंच विचार केला. चूक गाडीची नव्हती, माझी होती. तू बजावलं होतंस, तरी मी केली. मग गाडीबद्दल काय तक्रार लिहायची? आणि लिहिलं तर ते तुलाच विचारतील, हिचं नाव कोणी सुचवलं. तुझी नोकरी जाईल असं वाटलं. तुझी मदत करते आहे असंच मला वाटत होतं. तो फॉर्म तुझ्याच तोंडावर मारला जाईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

काल रात्री ह्यांना सगळं सांगितलं. ते उठून ओसरीवर गेले आणि मामांच्या पायांशी बसले. माझ्याशी अजून बोललेले नाहीत.

सोबत दुसरा कागद आहे. त्यावर तक्रार लिहिली आहे, माझ्या सहीने. तिथे मी आई म्हणून काय केलं तेही लिहिलं आहे. वाचून दाखव. हसू देत.

पूंगोडी

* * *

होसूर
२० मे १९९३

पूंगोडी, माझ्या बाळा,

तुझं पत्र आल्यावर मी पहिल्यांदा नळाखाली डोकं धरून रडले. मग तुझा कागद घेऊन सरांकडे गेले. कोणी हसलं नाही.

तुझी चूक नव्हती असं मी लिहिणार नाही. तुला ते पटणारही नाही. पण आई चुकणारच. दिवसातून शंभरदा उतरणारी बाई एकदा किल्ली विसरणारच. ती चूक गाडीने पोटात घालायला हवी, पोरीच्या हाडांनी नाही. हेच मी सरांना म्हटलं.

सरांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "एवढंसं मूल किल्ली फिरवून, बटण दाबून, मूठ पिळेल? तिन्हींची सांगड त्याला कशी जमेल? आई घाबरलेली आहे, तिनेच किल्ली चालू ठेवली असेल." मला राग आला, पण मी म्हटलं, "करून बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या नातवाला आणलं. तेनूएवढाच आहे. गाडी मोठ्या स्टँडवर चढवली, मागचं चाक हवेत, पुढचं साखळीने बांधलं, दोन माणसं दोन्ही बाजूंना. सर त्याला पुढे उभं करून म्हणाले, "कण्णा, ही बघ, अशी सुरू होते." एकदाच दाखवलं. बंद केली. "इथेच थांब हं, आजोबा पाणी पिऊन येतात." आणि पाठ फिरवली.

अर्ध्या वाटेतही पोचले नव्हते. किल्ली, बटण, मूठ. मागचं चाक असं घोंघावलं की शेडमधली कबुतरं उडाली. मुलगा दचकला, रडायला लागला आणि त्याने मूठ आणखी पिळली. तू लिहिलं होतंस तसंच. पकडायला उभी असलेली दोन्ही माणसं क्षणभर जागची हलली नाहीत. मीही हलले नाही. माझ्या डोळ्यांपुढे तुझी विहीर होती.

सरांनी धावत येऊन किल्ली ओढली. नातवाला उचललं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तार कुठून न्यायची ते दाखवा." आता वर सगळ्यांना ते स्वतः सांगत फिरताहेत की आयुधपूजेला जमलं नाही तरी चालेल.

स्विच बसवलेल्या पहिल्या गाड्या जुलैत तयार होतील. एक तुझ्याकडे पाठवू का? नको म्हणालीस तर मी एका शब्दाने विचारणार नाही. मला स्वतःला पाठवायची भीती वाटते आहे.

अक्का

* * *

मन्नारगुडी
३ ऑगस्ट १९९३

प्रिय अक्का,

स्विचवाली गाडी येऊन आठवडा झाला, पण आज लिहावंसं वाटलं.

आधी तेनूचं. प्लॅस्टर कधीच निघालं. थोडी लंगडते, डॉक्टर म्हणतात जाईल. आपल्याच गल्लीत कोणाची स्कूटर सुरू झाली तरी कानावर हात ठेवायची. गाडी नको असं ह्यांचं म्हणणं होतं. मामा म्हणाले, "वाड्यांतल्या बायका काय सायकलची वाट बघत बाळंत होणार आहेत? आणू दे." ह्यांनी मान हलवली. अजून माझ्याशी मोजकंच बोलतात, पण गाडी आली त्या दिवशी रोज सकाळी ती पुसायचं काम त्यांनी आपणहून घेतलं.

तेनूला पुढे उभं करत नाही. मागे बसवते आणि जुन्या साडीने माझ्या कमरेला बांधते. उतरले की किल्ली काढून पदराच्या गाठीत. रोज. मनात देवाचं नाव घ्यावं तसं म्हणते, किल्ली काढ, किल्ली काढ.

आज आडीचा अठरावा, नव्या पाण्याचा सण. सगळा गाव कालव्यावर. चित्रान्नाचे डबे भरून आम्हीही निघालो होतो. तेनूला मागे बांधली, तेवढ्यात शेवटच्या वाडीतला माणूस धापा टाकत आला. बायको अडली आहे, लगेच चला. मी तेनूला सोडून ओसरीवर उभी केली, गाडी फाटकाकडे तोंड करून लावली, पेटी घ्यायला आत धावले, पेटी घेतली, बाहेर आले, फाटकाशी गेले. कडीला हात घातला आणि मागे टिक असा आवाज आला.

अक्का, किल्ली गाडीलाच होती. इतकं होऊनही. इतकं सगळं होऊनही मी विसरले.

मी वळले तर ती ओसरीच्या कट्ट्यावरून गाडीवर चढलेली. पुढे उभी. जिला गाडीच्या आवाजाची भीती वाटते ती. एका हाताने मूठ पूर्ण पिळलेली, अंगठा बटणावर. तिने पुन्हा दाबलं. टिक. पुन्हा. टिक. गाडी जागची हलली नाही.

मी फाटकाशी खालीच बसले, मातीत. तो वाडीतला माणूस घाबरून विचारत होता, "सिस्टर, काय झालं? काय झालं?" मला सांगता येईना की काही झालं नाही.

तेनू उतरून माझ्यापाशी आली, माझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "अम्मा, गाडी बिघडली. सुरूच होत नाही."

पूंगोडी